रिकाम्या कोठारांचा पडदा

बाबा, काल माळीवाड्यातल्या रंगाच्या दुकानात गेले आणि काळा ऑइलपेंट मागितला, सगळ्यात लहान डबा. दुकानदार म्हणाला, "आजी, कशाला लावायचाय? लोखंडाला का लाकडाला?" कापडाला म्हटलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. "गेटाला," म्हणाले, डबा पिशवीत टाकला आणि रिक्षात बसले. घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडले होते, कारण माझ्या घराला गेटच नाही. या वयात असलं फुकटचं खोटं कशाला, हे तुम्ही नक्की विचारलं असतंत, तेही आवाज न चढवता, आणि तुमचं ते आवाज न चढवणं मला कधीच सोसलं नाही.

तुम्हाला लिहायला बसले ती त्या डब्यामुळे. पण डब्याआधी पडद्याचं सांगायला हवं आणि पडद्याआधी त्या मासिकाचं. तुम्हाला सगळं माहीत आहे, कबूल. तरी मी माझ्या बाजूने सांगणार, कारण माझी बाजू तुम्ही कधी विचारली नाहीत आणि मीही आपण होऊन सांगितली नाही. आपल्या घरात बोलणारी एकच होती, आई; ती गेल्यावर आपण दोघं एकमेकांना ताट वाढत राहिलो.

लष्कराच्या वाचनालयातली जुनी इंग्रजी मासिकं भिंगारच्या एका रद्दीवाल्याकडे यायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही सायकल तिकडे वळवायचात. आई म्हणायची, लोकांचे नवरे येताना भाजी आणतात, आमचे कागद आणतात. ते मासिक आलं त्या दिवशी ती चुलीपाशी भाकरी थापत बसलीय, मी पाट्यावर मिरचीचा ठेचा वाटतेय, आणि तुम्ही चपला न काढता आत येता. हे असं कधी होत नसे. मासिक उघडून तुम्ही आईच्या तोंडासमोर धरता. "बघ. पेरू देश आहे, तिकडे दक्षिण अमेरिकेत. तिथे इंका म्हणून लोक होते, त्यांच्या या भिंती." आई परातीवरून मान वर न करता म्हणते, "देशाचं नाव पेरू? मग शेजारच्याचं काय, सीताफळ?" तुम्ही हसलात, पण बोलायचं थांबला नाहीत. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड घासून घासून बसवलाय, सांध्यात सुरीचं पातं जात नाही. एकेका दगडाला किती कोपरे आहेत ते बोटाने दाखवत होतात. दारं वर अरुंद आणि खाली रुंद. भूकंप झाले, वरची नवी घरं पडली, या भिंती उभ्याच. आईने पिठाचा हात पदराला पुसला आणि फोटो नीट पाहिला. "दगड तर आपल्या नगरसारखाच काळा दिसतोय," एवढंच म्हणाली.

तोवर तुम्ही माणसं काढायचात. शाळेत ड्रॉइंग मास्तर, आणि रविवारी देवळातल्या मुलांसाठी पवित्र शास्त्रातल्या गोष्टींची चित्रं. शेजारचे त्याला चर्च म्हणायचे, आपण सगळे देऊळच म्हणायचो. तुमचे मेंढपाळ घोंगडी घेतलेले असायचे आणि कोळ्याला दवाखान्यातल्या कंपाउंडरचं नाक असायचं. भक्ती संपली की लोक चित्रापाशी घोटाळायचे, आपण कुठे आलोय का ते बघायला. ते मासिक आलं आणि माणसं संपली. पट्टी आली, काटकोनाचा गुण्या आला, कोन आले. पुठ्ठ्यावर काळे, राखाडी, गेरवे तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले, मध्ये एखादं दार, त्यात अंधार. झाड नाही, आभाळ नाही. आई कंबरेवर हात ठेवून बघायची. "यात माणूस कुठाय?" "आत आहेत माणसं. दाराच्या आत." "मग बोलवा की बाहेर, चहा टाकते." तुम्ही तिच्याकडे बघून मान हलवायचात आणि परत गुण्या लावायचात.

मला तुम्ही दगड भरायला द्यायचात. एकदा मी डब्यातला काळा तसाच पुठ्ठ्यावर फासला. तुम्ही चाकू घेतला, ओला रंग खरवडून काढला आणि ब्रश माझ्या हातात परत दिला. "डब्यातला काळा मेलेला असतो. त्यात चिमूटभर गेरू घाल, मग त्याचा दगड होतो. आणि टर्पेंटाइन घाल, चकाकी जाऊ दे. दगड चमकतो का कधी?" मी एकोणीस वर्षांची, अध्यापिका विद्यालयात शिकणारी, आणि पहिलीतल्या पोरीसारखी रडले. आईने तुम्हाला दम भरला की पोरीला कामाला लावायचं तर तोंडाने नीट बोला. त्यावर तुम्ही मला एक नवा सपाट ब्रश आणून दिलात. तो अजून आहे, केस झडलेत त्याचे.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. ते दिवस मी लिहिणार नाही, पण एक लिहिते. शेवटी शेवटी तिचा चेहरा तिचा राहिला नव्हता. डोळे आत गेलेले, कातडी पिवळी, ओठ दातांवरून मागे सरकलेले. गोरीगोमटी, गालात हसणारी बाई होती ती. तुम्ही तिच्या उशाशी स्टुलावर बसून राहायचात आणि तिच्याकडे बघत राहायचात. मला वाटायचं, इतकं बघू नये माणसाने. मी खिडकीतून बाहेर बघत बसायचे. यात शहाणपण कुणाचं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

ती गेली, आणि त्यानंतर कधीतरी मी भिंतीवरून तुमच्या लग्नाचा फोटो उतरवला तर मागून फोटोसकट सगळी चौकट वाळवीने खाल्लेली. काच तेवढी हातात आली. तिचा दुसरा फोटो नव्हताच. पण लगेच वाटलं, आपल्याला काय काळजी, बाबा आहेत ना. देवळातल्या अख्ख्या मंडळीचे चेहरे काढणारा माणूस आहे. मी म्हटलं, आईचं चित्र काढा. तुम्ही म्हणालात, काढीन. पुढच्या महिन्यात परत म्हटलं, तुम्ही म्हणालात, काढीन गं. आणि काढत होतात काय, तर भिंती. मी ताट ठेवायचे आणि पुठ्ठ्याकडे बघायचेही नाही.

त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. विहिरी तळाला गेल्या, नळाला एक दिवसाआड चिखल येऊ लागला, रेशनवर ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, मिळायची, जिची भाकरी थापताना फाटायची. तुमचे वर्ग निम्मे रिकामे झाले, पोरं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर गेलेली. पाथर्डीकडची आपली मावशीही कामावर होती, तलावाच्या बांधावर खडी फोडायला. आईची ही धाकटी बहीण. आईला ती आक्का म्हणायची आणि तुम्हाला दाजी. आई गेली तेव्हा ती वेळेवर पोहोचू शकली नाही, माती झाल्यावर आली. तोंड बघायला मिळालं नाही म्हणून कबरीपाशी बसून राहिली, उठवता उठेना.

कापणीचा सण जवळ आला तेव्हा देवळाचे पाळकसाहेब आपल्याकडे आले. सणाला लोक शेतातलं पहिलं पीक देवळात आणतात, वेदीपुढे मांडतात, आणि मागे मोठा पडदा रंगवून लावतात. दर वर्षी तो तुम्हीच रंगवायचात. पाळकसाहेब म्हणाले, "सर, यंदा कुणाकडे काही नाही. निदान चित्र तरी भरलेलं असू द्या. शास्त्रातली ती सरवा वेचणारी काढा, परक्या मुलखात येऊन कापल्या शेतात सांडलेलं धान्य गोळा करणारी. कणसं दिसू द्या, लोकांना धीर येईल." मला वाटलं तुम्ही नाही म्हणणार. तुम्ही हो म्हणालात. ते गेल्यावर मी विचारलं, "तिला आईचा चेहरा द्याल?" तुम्ही मांजरपाटाची घडी उलगडत म्हणालात, "बघू." आपल्या घरात 'बघू' म्हणजे हो. मी दुसऱ्याच दिवशी पाथर्डीच्या एसटीत ओळखीच्या माणसाबरोबर मावशीला निरोप धाडला, की सणाला ये, बाबा आईला काढतायत, तुला तिचं तोंड बघायला मिळेल.

पडदा ओसरीच्या भिंतीला ताणून लावला होता. चार-पाच संध्याकाळी मी बघत होते. कापलेलं शेत, वाकलेली बाई, खोचलेला पदर. हात तर आईचाच, ती वाकडी करंगळी, मनगटावरचा चुलीचा चटका. मला इतका आनंद झाला होता की मी तुम्हाला न मागता दोनदा चहा दिला. चेहऱ्याची जागा अजून मोकळी होती. मग माझी परीक्षा आली आणि मी होस्टेलवर गेले. सणाच्या सकाळी तिथूनच थेट देवळात आले.

मावशी पायरीवर बसली होती. रात्रभर ट्रकमधून आलेली. बोटांना चिंध्या बांधलेल्या, केसांत खडीची पांढरी धूळ, ती धुवायलाही कुठे पाणी मिळालं नसेल. कामावर खायला वाटतात ती पिठाची सुकडी तिने स्वतःच्या वाट्यातली राखून पुडी बांधून आणली होती, देवापुढे ठेवायला. मला जवळ ओढून म्हणाली, "चांगलं काढलंय का गं आक्काला?" मी म्हटलं, तूच बघ. तिला हाताला धरून मी सगळ्यात पुढच्या सतरंजीवर नेऊन बसवलं.

पाळकसाहेबांनी दोरी ओढली. बाबा, आज मी म्हणू शकते की तो पडदा तुम्ही केलेल्या सगळ्यात मोठ्या गोष्टींपैकी होता. डोंगराच्या उतारावर रांगांवर रांगा, काळ्या आणि गेरव्या दगडांची कोठारं, प्रत्येकाला वर निमुळतं होत गेलेलं दार, आणि मधोमध एक मोठं दार, नुसतं काळं. एक कणीस नाही. एक माणूस नाही. त्या दिवशी मात्र मला फक्त एवढंच दिसलं की आई नाही. मावशी डोकं इकडे तिकडे हलवून शोधत होती. मग तिने मला विचारलं, हळू विचारायचं तिच्या लक्षात आलं नाही, "पोरी, ह्याच्यात आक्का कुठं हाय?"

तुम्ही उठून उभे राहिलात. शाळेतल्यासारखं समजावून सांगायला लागलात, की त्या इंकांच्या देशात राजा चांगल्या वर्षी धान्य साठवायचा, वाईट वर्षासाठी, डोंगरावर अशी कोठारं होती. आपली रिकामी आहेत. जे आहे ते देवाला दाखवावं, नाही ते कशाला रंगवायचं. तुम्ही बरोबर बोलत होतात आणि कुणाला त्याचा उपयोग नव्हता. मावशी जाग्यावरनं उठली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "दाजी, आमी दिसभर दगूडच फोडतो. डोळं मिटलं तरी दगूडच दिसत्यात. हितं बी दगूडच दावायचं हुतं, तर मला कशापायी बोलावलं?" तुम्ही म्हणालात, "मी नाही बोलावलं." आणि माझ्याकडे बघितलंत. पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली.

भक्ती झाल्यावर देवळाच्या पंचांनी पडदा उतरवून तुमच्या हातात दिला. मावशी जेवायला थांबली नाही. सुकडीची पुडी तेवढी वेदीपाशी ठेवून ती ट्रकवर निघून गेली, आणि त्या उन्हाळ्यात कामावरच ऊन लागून वारली. तिने बहिणीचं तोंड पाहिलं नाही ते नाहीच.

घरी आल्यावर मी तुम्हाला बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, दगडच हवे होते तर लग्न कशाला केलंत, एखादी भिंत बघायची होतीत. तुम्ही बाजेवर बसलात, गुंडाळलेला पडदा मांडीवर घेऊन. मग म्हणालात, "काढला होता. तुझ्या परीक्षेच्या दिवसांत काढला होता. हात येतो, मान येते. चेहरा घेतला की शेवटचाच येतो. दवाखान्यातला, उशीवरचा. दुसरा येतच नाही." मी उभीच होते. तुम्ही म्हणालात, "तो लावू देवळात? तो दाखवू तुझ्या मावशीला?" मी विचारलं, मग कुठाय तो? तुम्ही मांडीवरच्या पडद्यावर हात ठेवलात. "त्या मोठ्या दाराखाली. वरून काळा मारला." मी म्हटलं, पुसा आणि नीट काढा. तुम्ही म्हणालात, "पुसता येत नाही. आणि नीट येत नाही." त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

त्यानंतर देवळाने पडदा दुसऱ्याकडून रंगवून घेतला, छापील चित्रावरून, गुबगुबीत कणसांचा. तुम्ही निवृत्त होईपर्यंत शाळेत शंकू आणि घन शिकवत राहिलात. घरी भिंती रंगवणं हळूहळू बंद पडलं, आणि एका पावसाळ्यात पत्रा गळायला लागला तेव्हा तुम्ही स्वतःच ते सगळे पुठ्ठे छताखाली सारून दिलेत. मी शाळेतून आले तर खोलीत गेरव्या पाण्याची धार लागलेली. तुम्ही बादली सरकवत म्हणालात, "बरे उपयोगी पडले." मला तेव्हा तुमचा राग यायचा थांबला. थांबायला नको होता असं कधीकधी वाटतं, रागात निदान मी तुमच्याशी बोलायचे तरी.

आणि मग तुम्ही गेलात. मी उशाशी बसले होते, आणि या वेळी खिडकीतून बाहेर बघितलं नाही. तुमच्याकडेच बघत राहिले, तुम्ही आईकडे बघत होतात तसं. त्याची शिक्षा अशी की आता तुमचा चेहरा आठवायला गेले की मलाही तोच येतो, कवळी काढलेला, नाकात नळी असलेला. सायकलवरून मासिक घेऊन आलेला माणूस काही केल्या येत नाही. तेव्हा तुमचं म्हणणं मला समजलं. समजलं त्या वेळी सांगायला तुम्ही नव्हतात, म्हणून आज सांगतेय.

पडदा माझ्याकडे आहे, तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळून. परवा जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एक बाई पुण्याहून आल्या होत्या, ओळखीतल्या. त्यांनी तो उलगडून पाहिला. असलं काम त्या काळी नगरमध्ये कुणी करत होतं यावर त्यांचा विश्वास बसेना. काय दगड बसवलाय दगडात, म्हणाल्या. मग दारावर तिरका उजेड पाडून म्हणाल्या, याच्याखाली काहीतरी आहे, वरचा थर काळजीपूर्वक काढता येईल. मी म्हटलं, विचार करून कळवते.

विचार कसला केला. त्या गेल्यावर भाजीची सुरी घेतली आणि त्या काळ्या दारात नखाएवढी जागा खरवडली. काळ्याखालून पिवळट रंग निघाला. गाल असेल, उशी असेल, कळलं नाही. अजून थोडं खरवडलं असतं तर कळलं असतं. सुरी तिथेच ठेवली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

आईचा चेहरा मला आता आठवत नाही, बाबा. गालात हसायची हे आठवतं, पण ते शब्दांनी आठवतं, दिसत नाही. हात दिसतो, करंगळीसकट, तो तुम्ही काढला होतात म्हणून. चेहरा हवाच असेल तर जगात तो एकच उरलाय, आणि तो तुम्ही झाकला होतात तसाच मीही काल परत झाकला. तुम्ही दिलेल्या त्याच ब्रशने. त्या बाईंना फोन करून सांगितलं की खाली काही नाही, नुसतं कापड आहे. हे पत्र त्याच धोतरात गुंडाळून ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार.

एक मात्र झालं. रंग लावताना मी इतकी घाई केली की सरळ डब्यातला काळा फासला. आज सकाळी ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा सगळं दार शांत होतं आणि तेवढाच तुकडा चमकत होता. टर्पेंटाइन राहिलं, गेरू घालायचा राहिला.